दुसरं काडतूसही पहिल्यासारखंच हवं

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात 451.4 गुण मिळवून ब्राँझपदक जिंकलं. त्या गुणांतला दशांश नीट पाहा. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळी मध्यापासून आणखी 0.8 मिलिमीटर सरकली की गुणाचा एक दशांश गेला.

आता थोडं गणित. या प्रकारातल्या पॉइंट टू-टू रायफलीची गोळी सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते, म्हणजे आवाजापेक्षा किंचित हळू. 50 मीटर जायला तिला सेकंदाचा सहावा हिस्साही लागत नाही. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला सुमारे 12 सेंटिमीटर खाली खेचतं. हे खाली येणं दर वेळी तेवढंच असेल तर चिंता नाही, साइट तशी लावून ठेवता येते. पण पुढच्या काडतुसाचा वेग सेकंदाला फक्त 5 मीटरने कमी पडला, तर गोळी साडेतीन-चार मिलिमीटर खाली बसते. श्वास, नजर, चापावरचं बोट सगळं चोख असूनही जवळजवळ अर्धा गुण हातचा जातो! म्हणून अचूक काडतूस वेगवान किंवा जोरकस असण्यापेक्षा आधीच्या काडतुसासारखं असावं लागतं.

हा सारखेपणा दारूपासून सुरू होतो. बिनधुराची दारू एकदम फुटत नाही, तिचा दाणा पृष्ठभागावरून आत जळत जातो. दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप यांवर वायू किती झपाट्याने तयार होणार ते ठरतं. दोन घाणी तंतोतंत एकसारख्या निघणं अवघड. म्हणून कारखाने अनेक घाणी एकमेकांत मिसळून फरक बुजवतात. भंडारा जिल्ह्यात जवाहरनगरला अशी दारू बनवणारा आयुध निर्माणी कारखाना आहे. बंदुकीची काडतुसं भुसावळजवळच्या वरणगावला तयार होतात. हे काम किती धोक्याचं आहे, ते जानेवारी 2025 मधल्या जवाहरनगरच्या स्फोटाने दाखवलं. त्यात कामगारांचे जीव गेले.

परदेशात लांब पल्ल्याचे अनेक नेमबाज हीच कसरत घरच्या टेबलावर करतात. वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून भरायची आणि वर गोळी दाबायची. याला ते हँडलोडिंग म्हणतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तरी त्यामागचं विज्ञान कोणालाही थक्क करील. दारू तोलायचा त्यांचा तराजू साडेसहा मिलिग्रॅमपर्यंतचा फरक सहज दाखवतो. गोंदियाच्या गिरणीतून निघणाऱ्या तांदळाच्या एका दाण्याचे तीन तुकडे केले, तर एक तुकडा साधारण तेवढ्या वजनाचा भरेल.

नुसती दारू मोजून मात्र भागत नाही. पुंगळीचं पितळ जाड असेल तर आतली जागा कमी, दाब जास्त आणि वेगही जास्त. पुंगळी वारंवार वापरली की तिची मान कडक होते आणि गोळीवरची पकड बदलते. मग मान तापवून पितळ पुन्हा मऊ करावं लागतं.

खरी गंमत गोळीच्या तोलात आहे. पॉइंट टू-टूच्या नळीतले आटे गोळीला सेकंदाला सुमारे 800 वेळा फिरवतात. गोळीचा वजनाचा मध्य तिच्या अक्षापासून एका मिलिमीटरच्या फक्त शंभराव्या भागाने बाजूला असेल, तर नळीतून सुटताच ती तिरकी सरकू लागते आणि 50 मीटरवर जवळपास 8 मिलिमीटर चुकते. म्हणजे अख्खा एक गुण!

त्यात नळीही स्थिर नसते. बार होताच ती थरथरते, तिचं तोंड वर-खाली होतं. हळू गोळी नळीत थोडी जास्त वेळ राहते. ती बाहेर पडते त्या क्षणी तोंड नेमकं वर चढत असेल, तर गोळी थोडी उंच सुटते आणि वेगातली तूट परस्पर भरून निघते. एका नळीत हा मेळ जुळतो, दुसरीत नाही. म्हणून एकाच पेटीतली काडतुसं दोन रायफलींत वेगळी वागतात.

ऑलिंपिकच्या नेमबाजाला यातलं काही घरी जुळवता येत नाही. पॉइंट टू-टूच्या काडतुसात पेटणारं मिश्रण पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, आणि एकदा चेपली गेलेली कड पुन्हा वापरता येत नाही. मग इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ अशा कंपन्यांकडे रायफल पक्की जखडून एका वेळी बनलेल्या काडतुसांचे लॉट एकामागून एक तपासतात. निशाण्यावर भोकांचा सर्वांत दाट पुंजका देणारा लॉट मिळाला की खेळाडू त्याचाच साठा करून ठेवतो.

इथेही एक सापळा आहे. तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या म्हणून लॉट चांगला ठरत नाही, तो नशिबाचा खेळही असू शकतो. गोळ्या वाढवत गेलं की पुंजका पसरतो आणि लॉटचा खरा स्वभाव दिसू लागतो. म्हणून कसलेला परीक्षक सर्वांत देखण्या तीन भोकांवर भाळत नाही. तो आणखी काडतुसं मागतो आणि सर्वांत लांब पडलेल्या गोळीचं अंतर आधी मोजतो.