विश्लेषण : पाणथळीवर घरे नकोत, असे नवी मुंबईकर का म्हणतात? रोडपालीने त्यातून काय शिकावे?

नेरुळ-सीवूड्समधील पाणथळ जागांवर गोल्फ मैदान आणि निवासी संकुल उभारण्याला रहिवाशांनी अनेक वर्षे विरोध केला. हा वाद फक्त पक्ष्यांचा नाही. खाडीलगतच्या सखल वसाहतींत पावसाचे पाणी कुठे जाणार, हा त्यातला मोठा प्रश्न आहे. रोडपाली-कळंबोलीकरांनाही तो दर पावसाळ्यात पडतो.

प्रकरण काय?

सिडकोने नेरुळमधील खाडीकाठची जागा गोल्फ मैदान आणि घरांसाठी दिली होती. ही जागा पाणथळ असून तिथे कांदळवन आहे, असे सांगत रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१८ मध्ये बांधकामाला वाट करून देणारी राज्य सरकारची अधिसूचना रद्द केली. त्यानंतर वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पुढे नवी मुंबई महापालिकेच्या प्रारूप विकास आराखड्यात पाणथळी निवासी विभागात दाखवल्या गेल्या आणि नागरिकांना पुन्हा हरकती नोंदवाव्या लागल्या.

पाणथळीचे महत्त्व काय?

ओहोटीच्या वेळी फ्लेमिंगो ठाणे खाडीच्या चिखलात अन्न शोधतात. भरतीत तो चिखल पाण्याखाली गेला, की ते नेरुळच्या उथळ तळ्यांकडे येतात. म्हणजे खाडी वाचवली आणि तळी बुजवली, तर पक्ष्यांना भरतीच्या वेळी थारा उरत नाही. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, पण ही तळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिली. २०२४ मध्ये डीपीएस तलाव कोरडा पडला, परिसरात फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले आणि आंदोलनाला धार आली.

आता संरक्षण मिळाले का?

राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा दर्जा सरकारी मालकीच्या जमिनीला देता येतो, मात्र त्याआधी स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते. ही मंजुरी एका तलावापुरती आहे. शेजारच्या पाणथळींना तिचे कवच आपोआप मिळत नाही.

रोडपालीचा संबंध काय?

सिडकोने वसवलेला कळंबोली परिसर सखल आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला, तर पाणी खाडीत उतरत नाही. ते साठवण्यासाठी धारण तलाव ठेवलेले असतात. ओहोटी लागली, की दारे उघडून पाणी सोडले जाते. तलावात गाळ साचला किंवा मोकळ्या सखल जागेवर भराव पडला, तर तेवढे पाणी रस्त्यांवर आणि तळमजल्यांत शिरते.

नागरिकांनी काय पाहावे?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. आराखडा मंजूर झाल्यानंतरही कलम ३७ नुसार एखाद्या भूखंडाचा वापर बदलता येतो, पण त्यासाठीही सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. त्यामुळे भरावाचे डंपर येण्याआधी नकाशात त्या जागेला कोणता रंग दिला आहे, हे तपासावे. हरकत लेखी द्यावी, गट किंवा भूखंड क्रमांक लिहावा आणि पोच घ्यावी. जागेवर पाणी साचल्याची तारखेसह छायाचित्रे जोडल्यास म्हणणे अधिक भक्कम होते. नेरुळकरांना न्यायालयात दाद मिळाली, पण त्यासाठी वर्षे खर्ची पडली. हरकतीच्या अर्जाला एक संध्याकाळ पुरते.