स्वतःचं स्वतः होईना, तेव्हा

वृद्धाश्रमात चौकशीला गेलं की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो, "आजोबांना स्वतःचं स्वतः आवरता येतं ना?" उत्तर 'हो' असेल तर पुढचं बोलणं होतं. 'नाही' असेल तर बऱ्याच ठिकाणी हात जोडून नकार मिळतो. संस्थाचालक कठोर असतात असं नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला आणि टाचांना जखमा होतात. रात्री कुणीतरी जागं लागतं, उचलायला दोघं लागतात. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला एवढे पगार झेपत नाहीत. परिणाम मात्र असा, की ज्याला आधाराची गरज सर्वांत जास्त, त्याच्यासाठीच दार बंद.

असिस्टेड लिव्हिंग ही व्यवस्था नेमकी या माणसासाठी आहे. राहायला स्वतःची खोली, उठण्या-जेवण्याच्या वेळा स्वतःच्या, आणि जे जमत नाही तेवढ्यापुरताच मदतीचा हात: अंघोळ, कपडे, औषधं, पलंगावरून खुर्चीत बसणं. पुण्यात 'अथश्री'सारखे ज्येष्ठांचे गृहप्रकल्प आहेत, पण ते मध्यमवर्गातल्याही वरच्या थराला परवडणारे. कोल्हापूरच्या पेठेतल्या पेन्शनरानं किंवा करवीर तालुक्यातल्या अल्पभूधारकानं काय करायचं?

खरं तर आधार देऊन स्वतंत्र जगू देण्याचा हा विचार कोल्हापुरात फार आधी रुजला. नसीमा हुरजूक यांना सोळाव्या वर्षी कमरेखाली अपंगत्व आलं. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्यामुळे त्या पुन्हा उभारी धरू शकल्या. पुढे सरकारी नोकरी सांभाळत त्यांनी सहकाऱ्यांसह 1984 मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावचं 'घरौंदा' वसतिगृह त्यातूनच आलं. खुर्चीवरच्या माणसाला ऊठसूट कुणाला हाक न मारता वावरता यावं, अशी ती वास्तू. त्यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचलेल्यांना आठवत असेल, की पायांच्या जाण्यापेक्षा पायऱ्या, अरुंद दारं आणि संडास यांनीच माणसाला जास्त परावलंबी केलं होतं.

'घरौंदा' मुलांसाठी आणि तरुणांसाठी होतं. पण संस्था उभी करणाऱ्या पहिल्या पिढीतली माणसं आता साठी-सत्तरीत आहेत आणि त्यांचं म्हातारपण इतरांसारखं नाही. ज्यानं चाळीस वर्षं हातांनी खुर्ची ढकलली आणि हातांवर सगळं वजन तोलून पलंग गाठला, त्याचे खांदे झिजतात. त्वचा पातळ होते, लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. लहानपणी पोलिओ झालेल्यांना कित्येक दशकांनी नव्यानं अशक्तपणा जाणवू लागतो. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. आजार गेला, पण तो होऊन गेलेली माणसं आता म्हातारी होताहेत. आयुष्यभर कमावलेलं स्वावलंबन उतारवयात हातचं जाणं हे फार क्रूर आहे. सैन्यानं आपल्या माणसांसाठी याची सोय केली. पाठीच्या कण्याला इजा झालेले जवान खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात 1974 पासून राहत आले आहेत. नागरी समाजानं आपल्या माणसांसाठी एवढं केलेलं नाही.

दुसरा गट याहून मोठा आहे, पण डोळ्यांआड राहतो. पक्षाघातानं एक बाजू गेलेली आजी, खुब्याचं हाड मोडल्यापासून न उठलेले आजोबा, मधुमेहात पाय गमावलेला शेतकरी. घरचे म्हणतात, "वय झालं." त्यांना दिव्यांग कुणी मानतच नाही, म्हणून दाखला काढायला कुणी जात नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत आणि 40 टक्क्यांच्या प्रमाणपत्राला वयाची वरची मर्यादा नाही. सत्तरीतली आजीही त्यात बसते. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी कलम 38 खाली वेगळी मदत मागता येते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधारांसाठी एक वृद्धाश्रम असावा, असं म्हटलं आहे. पण तिथं अंथरुणावरच्या माणसाचं कसं करायचं, हे कुठं ठामपणे सांगितलेलं नाही. माझ्या मते सगळं इथंच अडतं. आपण छप्पर मोजतो, हात मोजत नाही.

तोवर भार घरावर पडतो, आणि घरात तो बहुतेक वेळा सुनेवर किंवा म्हाताऱ्या बायकोवर. स्वतःच सत्तरीची असलेली बाई नवऱ्याला उचलताना कंबर मोडून घेते. नर्सिंग ब्युरोतून आलेल्या मावशींनाही पेशंटला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे अनेकदा कुणी शिकवलेलं नसतं. हे आठवडाभरात शिकता येण्यासारखं कौशल्य आहे. आणि पंचगंगेला पूर आला, की घर रिकामं करताना या माणसांना पाठुंगळी घ्यावं लागतं. 2019 आणि 2021 च्या पुरांनी ते दाखवलं.

घरात करण्यासारखंही बरंच आहे. उंबरा काढणं, संडासात पकडायला दांडी, कमोडची खुर्ची, 900 मिलिमीटर रुंदीचं दार. महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी हेच माप सांगितलं आहे. उतार करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. अनेक कार्यालयांपुढचे रॅम्प इतके उभे असतात, की खुर्ची मागं कलंडावी.

महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिकांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल, तर आधी कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात जाऊन त्यांचा दिव्यांगत्वाचा दाखला काढा. मग पुढच्या ग्रामसभेत किंवा नगरसेवकाला विचारा, यंदाचे पाच टक्के कशावर खर्च झाले, आणि त्यातून दिवसाचे चार तास येणारी एक प्रशिक्षित मावशी गावाला का मिळू नये?