ऑफर लेटर आलं? पेढ्यांआधी आकडे बघा

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी घरांतून इंग्रजीत एम.ए. करून पीएच.डी.ची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी ही पोस्ट.

अमेरिकेत चांगल्या पीएच.डी.ला बहुधा फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो. बदल्यात वर्ग शिकवायचे. एम.ए.ला मात्र पैसा क्वचितच. पत्र नीट वाचा. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? नऊचा असेल तर उन्हाळ्यात खायचं काय? आरोग्य विमा कोण भरणार? हमी किती वर्षांची? 'बाहेर काम करून भागवू' हा हिशेब सोडा: एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासच, तेही कॅम्पसवर.

घाईही नको. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मानणारी विद्यापीठं फंडिंगच्या ऑफरवर 15 एप्रिलपूर्वी उत्तराची सक्ती करत नाहीत. तोवर दुसरी ऑफर दाखवून रक्कम वाढेल का, हे बिनधास्त विचारा. (आपल्याला संकोच फार!)

जीआरईचा इंग्रजी साहित्याचा पेपर 2021 मध्ये बंद झाला. आता खरी मदार लेखन-नमुन्यावर, म्हणून उन्हाळ्यातच एक निबंध घासूनपुसून तयार ठेवा.

आणि घरचा पर्याय? जेआरएफ मिळाली तर 2023 पासूनच्या दराने महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात घरून ये-जा करत संशोधन केलंत, तर महागड्या शहरातल्या तुटपुंज्या स्टायपेंडपेक्षा हातात जास्त उरतं. जेआरएफ नसेल तर केंद्रीय विद्यापीठांत 8,000 रुपये; त्यात हॉस्टेल मिळालं तरच निभाव लागतो.