गुराख्याच्या बायकोला नाव मिळालं

ऑस्ट्रेलियात शाळा शिकलेल्या बहुतेकांना एक कथा माहीत असते. हेन्री लॉसन यांची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’. १८९२ साली सिडनीच्या ‘द बुलेटिन’ साप्ताहिकात ती छापून आली. ड्रोव्हर म्हणजे दुसऱ्यांची गुरं-मेंढरं शेकडो मैल हाकत नेणारा गुराखी, एकदा गेला की महिनोन् महिने घराचं तोंड न बघणारा. कथेत तो दिसतच नाही. दिसते ती त्याची बायको. आजूबाजूला नुसती झाडी, शेजार मैलोगणती लांब, पदरी चार पोरं, ॲलिगेटर नावाचा कुत्रा आणि घराखाली शिरलेला साप. पोरांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर झोपवून ती हाताशी सोटा आणि शिवणाची टोपली घेऊन रात्रभर जागते. जागता जागता तिला वणवा आठवतो, पूर आठवतो, दारात येऊन अंगावर गुरगुरलेला भटक्या आठवतो.

लॉसन म्हणजे ऑस्ट्रेलियाचं लाडकं माणूस. १९६६ साली डॉलर आला तेव्हापासून पंचवीसेक वर्षं दहाच्या नोटेवर त्यांचा चेहरा होता. त्यांच्या या कथेतली बाई तर देशाच्या चिवटपणाची मूर्तीच होऊन बसली. पण दोन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. एक, या बाईला लॉसननी नावच दिलेलं नाही. दुसरी सरपणाच्या ढिगाची. एका फिरत्या आदिवासी माणसाने तिला सरपण रचून दिलेलं असतं. काम बघून ती खूश होते, त्याला जास्तीची तंबाखू देते. सापाच्या रात्री त्यातलं एक लाकूड ओढायला जाते, तर ढीग कोसळतो. आतून पोकळ! त्याने तिला फसवलेलं असतं. एवढी संकटं अंगावर घेतलेली ती बाई या फसवणुकीने मात्र रडायला लागते. कथेत काळी माणसं एवढ्यापुरतीच येतात. एक सुईण अडल्या वेळी धावून येते आणि हा एक फसवून जातो.

ही कथा लिआ पर्सेल यांना लहानपणी त्यांची आई वाचून दाखवायची. शेवट जवळ आला की पाचेक वर्षांची लिआ आईला थांबवायची. कथा मुलाने आईला दिलेल्या वचनावर संपते आणि ते वचन देणारं मूल आपण आहोत, असं तिला वाटायचं. काळ्या आईची ही मुलगी गोऱ्या लेखकाच्या गोऱ्या नायिकेत आपली आई बघत होती. पुढे ती अभिनेत्री झाली, गायिका झाली, नाटककार, दिग्दर्शिका, कादंबरीकार झाली. इतक्या वाटा पाहून कुणाला वाटेल की बाईंचं एका जागी मन लागत नसावं. मला उलट दिसतं. त्यांनी धरलेली गोष्ट एकच आहे, आणि ती सांगायला प्रत्येक वेळी त्यांनी वेगळं हत्यार उचललं आहे.

लिआ यांचा जन्म १९७० चा, क्वीन्सलंडमधल्या मर्गन या छोट्या गावातला. सात भावंडांत त्या शेंडेफळ. आई आदिवासी; गोआ, गुंगारी आणि वाक्का वाक्का या समूहांशी लिआ आपलं नातं सांगतात. वडील गोरे, धंद्याने खाटीक आणि बॉक्सिंगचे प्रशिक्षक. मर्गनच्या अगदी लगत शेर्बर्ग ही आदिवासींची वसाहत आहे, पूर्वीचं बरंबा. क्वीन्सलंडने १८९७ मध्ये आदिवासींच्या ‘संरक्षणा’चा कायदा केला. त्या कायद्याखाली माणसं ठिकठिकाणाहून उचलून अशा वसाहतींत आणून टाकली जात. कुणी कुठे राहायचं, कुणाशी लग्न करायचं, कमावलेल्या पैशातले किती हातात पडायचे, हे सगळं साहेब ठरवणार. मुलांना आईबापांपासून तोडणं हा त्याच कारभाराचा भाग. लिआ यांची आजी डेझी हिलाही लहानपणी असंच घरच्यांपासून तोडून इथे आणलं होतं.

आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना बरंबाची आणखी एक खूण सांगतो. १९३१ मध्ये ब्रिस्बेनला एडी गिल्बर्ट या वेगवान गोलंदाजाने डॉन ब्रॅडमनना शून्यावर परत धाडलं होतं. तो गिल्बर्ट याच वसाहतीतला. क्वीन्सलंडकडून खेळायला जायचं तरी वसाहतीबाहेर पाऊल टाकण्यासाठी त्याला लेखी परवानगी लागायची.

अशा गावात, अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाती फारसं काही नव्हतं. विशी गाठेपर्यंत आई गेली, आणि लिआ स्वतः एका मुलीची आई झाल्या होत्या. त्या दिवसांत दारू होती, मारझोडही होती, हे त्यांनी कधी लपवलं नाही. या सगळ्यातून बाहेर काढलं ते गळ्याने. १९९३ मध्ये ‘ब्रॅन न्यू डे’ या जिमी ची यांच्या गाजलेल्या आदिवासी संगीत नाटकात त्यांना काम मिळालं आणि त्या व्यावसायिक रंगभूमीवर आल्या. मग सिडनी, तिथे संगीताच्या एका केबल वाहिनीवर निवेदन, मग ‘पोलीस रेस्क्यू’सारख्या मालिका. गाणं त्यांनी पुढेही सोडलं नाही, पण त्याचा संसार वेगळा थाटला नाही. गाणं नाटकात आलं, गोष्टीच्या पोटात राहिलं.

खरी ओळख दिली ती ‘बॉक्स द पोनी’ने. १९९७ मध्ये, ऑलिम्पिकच्या तयारीतल्या सिडनीत ‘फेस्टिव्हल ऑफ द ड्रीमिंग’ हा आदिवासी कलांचा महोत्सव झाला, त्यात हे एकपात्री नाटक आलं. लेखन लिआ आणि स्कॉट रँकिन यांचं. रंगमंचावर एकटी बाई. तीच स्टेफ नावाची मुलगी, तीच तिची आई, गावातले बघेही तीच. मधे गाणी, मधे बॉक्सिंग. स्टेफ म्हणजे बऱ्याच अंशी लिआच. पण दुसरं नाव दिल्यामुळे स्वतःवर हसायची सोय झाली. प्रेक्षक पोट धरून हसत असतानाच खाली काय वाहतंय ते त्यांच्या ध्यानात यायचं. दुःखाला असं हसत हसत पुढे करायला हिंमत लागते आणि कसबही. नाटक पुढे एडिंबरा आणि लंडनपर्यंत गेलं.

त्यानंतरचं ‘ब्लॅक चिक्स टॉकिंग’ हे तर त्यांच्या पद्धतीचं उघड उदाहरण. नऊ आदिवासी तरुणींशी गप्पा मारून लिआ यांनी त्यांच्याच शब्दांत त्यांची आयुष्यं मांडली. कुणी अभिनेत्री, कुणी नर्तकी, कुणी खेळाडू. त्याचं २००२ मध्ये पुस्तक आलं. त्याच विषयावर माहितीपट झाला आणि नाटकही.

दरम्यान सिनेमे चालूच होते. ‘लँटाना’ (२००१), ‘समरसॉल्ट’ (२००४), ‘द प्रपोझिशन’ (२००५), ‘जिंडाबाइन’ (२००६). यातल्या ‘लँटाना’तली क्लॉडिया मला विशेष वाटते. ती पोलीस खात्यात आहे, आपलं काम चोख करते, एकटेपणाने थोडी कावलेली आहे, बस. तिच्या काळेपणाबद्दल कुणी भाषण करत नाही. अशा भूमिका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच मिळत होत्या, म्हणूनच बाईंनी लेखणी हातची सोडली नसावी. ‘जिंडाबाइन’चं चित्रीकरण न्यू साउथ वेल्समधल्या स्नोई पर्वतराजीत झालं. तो मुलूख त्यांच्या डोक्यात बसला. आपला सिनेमा इथेच करायचा, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

तो सिनेमा म्हणजे आईने वाचून दाखवलेली गोष्ट. पण आधी नाटक झालं. २०१६ मध्ये सिडनीच्या बेल्व्हॉर थिएटरमध्ये ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ उभं राहिलं. दिग्दर्शन लेटिशिया कासेरेस यांचं, लेखन लिआ यांचं, आणि मुख्य भूमिकेतही त्याच. लॉसनच्या बाईला सव्वाशे वर्षांनी नाव मिळालं: मॉली जॉन्सन. सापाच्या जागी आता अंगणात एक जखमी आदिवासी माणूस पडलेला आहे, गळ्यात लोखंडी कडं. त्याचं नाव यडाका. मॉली बंदूक रोखून उभी. लॉसनच्या कथेत काळा माणूस सरपण रचून निघून जातो; इथे तो बोलतो, उलट विचारतो, मॉलीच्या पोराला चार गोष्टी शिकवतो. लिआ यांनी आपल्या पणजोबांच्या आयुष्यातले धागे या पात्रात विणले आहेत. मॉलीचा नवरा गुरं घेऊन गेलाय की आणखी कुठे, हा प्रश्न नाटकभर टांगलेला राहतो. सरपणाचा ढीग इथेही आहे. त्याखाली काय आहे ते मी सांगणार नाही, पण लॉसननी पोकळ ठेवलेली जागा लिआ यांनी भरून काढली आहे, एवढं नक्की. आणि मॉलीचं स्वतःचं रक्त कुठलं, हे उलगडतं तेव्हा ती जुनी कथा मुळासकट हलते.

२०१७ मध्ये या नाटकाने व्हिक्टोरिया राज्याचा नाट्यलेखनाचा पुरस्कार पटकावला आणि वर एक लाख डॉलरचा ‘व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर’ही. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या साहित्य पुरस्कारांत ते ‘वर्षातलं सर्वोत्कृष्ट पुस्तक’ ठरलं. कादंबऱ्या, कविता, चरित्रं सगळी रांगेत असताना नाटकाच्या संहितेने बाजी मारावी, हे तिकडेही रोज घडत नाही.

२०१९ मध्ये त्याच गोष्टीची कादंबरी आली. मग सिनेमा: ‘द ड्रोव्हर्स वाइफ – द लेजंड ऑफ मॉली जॉन्सन’. लेखिका, दिग्दर्शिका, नायिका तिन्ही लिआ. निर्मात्यांमध्ये त्यांचे जोडीदार बेन स्ट्युअर्ट. अमेरिकेतल्या एका महोत्सवात तो २०२१ मध्ये दाखवला गेला, ऑस्ट्रेलियाच्या चित्रपटगृहांत २०२२ मध्ये लागला. सुरुवातीचा प्रसंग बघण्यासारखा आहे. एक भरकटलेला बैल घराकडे येतो, पोरं अंगणात. दिवस भरत आलेली मॉली बंदूक उचलते आणि त्याला लोळवते. थोड्या वेळाने तेच मांस भाजल्याचा वास लागून एक भुकेलं इंग्रज जोडपं दारात येतं. मॉली त्यांना जेवू घालते आणि बदल्यात आपल्या पोरांना गावापर्यंत सोडायला लावते. पाहुणचारही झाला, सौदाही झाला, आणि बाई कसल्या मातीची आहे तेही कळलं.

त्या जोडप्यातल्या बायकोचं नाव लुईझा. ती बायकांच्या हक्कांसाठी नियतकालिक काढू पाहते. हेन्री लॉसन यांच्या आईचं नावही लुईझा. तिने १८८८ पासून सतरा वर्षं ‘द डॉन’ हे बायकांनी चालवलेलं मासिक काढलं होतं. मुलाच्या कथेत त्याच्या आईला आणून बसवण्याची ही युक्ती झकास आहे. मात्र पडद्यावर तिचा धागा घाईत उरकल्यासारखा वाटतो. सिनेमात एकंदरीतच खूप काही कोंबलं आहे: कायदा, बायकांना होणारी मारहाण, हिरावलेली मुलं, वंशाचं गुपित. नाटकात एक अंगण आणि चार-पाच माणसं असल्यामुळे जो ताण टिकतो, तो सिनेमाच्या डोंगरदऱ्यांत जागोजागी सैल पडतो. तरी लिआ यांचा अभिनय सगळं तोलून धरतो. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या ‘आक्टा’ पुरस्कारांत त्या २०२२ च्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या.

मालिकांचं काम सांगायला वेगळा लेख लागेल. ‘रेडफर्न नाउ’ आणि ‘क्लेव्हरमन’ या आदिवासी कलावंतांनी घडवलेल्या मालिकांत त्यांनी दिग्दर्शन केलं. ‘वेंटवर्थ’ या तुरुंगमालिकेतली त्यांची रिटा कॉनर्स २०१८ पासून घराघरांत पोचली. तीही जुन्या ‘प्रिझनर’ मालिकेतल्या पात्राला दिलेला नवा जन्म. २०२१ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चा सन्मान मिळाला.

जुन्या लाडक्या साहित्याला हात लावला की ‘कशाला उकरून काढता’ म्हणणारे सगळीकडे असतात. लिआ पर्सेल यांनी लॉसनना मोडीत काढलेलं नाही, त्यांच्यावर चिखलही उडवलेला नाही. त्या कथेवर त्यांचं प्रेम आहे, म्हणून तर तिला त्यांनी इतक्या वेळा हात घातला. ज्यांना हे पडताळून बघायचं असेल त्यांनी लॉसनची मूळ कथा आधी वाचावी. ती कधीच स्वामित्वहक्काबाहेर गेली आहे, इंटरनेटवर फुकट मिळते आणि अर्ध्या तासात वाचून होते. सिनेमा त्यानंतरच बघा. क्रम उलटा केलात तर अर्धी मजा जाईल.