रात्रीची गाडी आणि दिवसाचे मत

तिगाव हे नाव आपल्या सीमाभागातल्या फारशा वाचकांनी ऐकले नसेल. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढचे हे लहानसे स्टेशन. इथून पुढे गाडी सातपुड्याचा घाट चढू लागते. गाव मध्य प्रदेशातले, पण घरात बोली मराठी आणि कचेरीत हिंदी. आपल्याकडे घरात मराठी आणि बाजारात कन्नड, तसेच हे.

2025 च्या दिवाळीनंतर तिथे जाण्याचा योग आला. पत्नीच्या मावशी तिथे राहतात. त्यांच्या हृदयाची अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणून भेटायला गेलो. मावशी खाटेवर बसून संत्री सोलत होत्या. प्रकृतीची चौकशी केली, तर उत्तरात निवडणूकच निघाली.

‘‘जावईबापू, रात्री दोन वाजता छातीत कळ आली. शेजारच्या पोरानं गाडी काढली अन् थेट नागपूरले नेलं जी. पैशाचं नावबी नाई घेतलं. आता तो सरपंचीले उभा राहतो म्हन्ते. त्याले नाई तं कोनाले मत देऊ?’’

मी राज्यशास्त्र शिकवतो. मतदार कशाने ठरवतो यावर वर्गात तासन्‌तास बोलतो. मावशींनी ते पाच वाक्यांत सांगून टाकले.

संध्याकाळी अंगणात चार माणसे जमली. मध्य प्रदेशात ग्रामपंचायतींच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या, म्हणजे पुढची पाळी 2027 ची. सरपंचाच्या निवडणुकीत पक्षाचे चिन्ह नसते. त्यामुळे कोणाला उभे करायचे हे पक्षाच्या कार्यालयात नव्हे, अशा अंगणांतच ठरते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार आधी मतदान घेऊन निवडतात, त्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. 2020 च्या तिथल्या प्रायमरीत सँडर्स आणि बायडेन यांचा मोठा वाद आरोग्यविम्यावरच होता. आपल्याकडे काँग्रेसने 2014 मध्ये निवडक लोकसभा मतदारसंघांत असा प्रयोग केला. नागपूरशेजारचे वर्धा त्यात होते, पण मत होते ते पक्षाच्या लोकांना. सामान्य माणसाची प्रायमरी म्हणजे हे अंगण.

अंगणात नावे दोन निघाली. एक गाडीवाला मुलगा. दुसरी गावातलीच एक शिकलेली सून, गावच्या आरोग्य समितीत काम केलेली. तिचे नाव निघताच एक गृहस्थ हसले, ‘‘ते तं नुसते अर्ज लिवते.’’

यावर मावशींची सून चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘तिच्याच अर्जानं बीपी मोजाची मशीन आली. आमच्या सासूबाई मोजाले गेल्याच नाई. गेल्या असत्या तं रात्री गाडीच लागली नसती.’’

अंगणात कोणी काही बोलले नाही. मलाही त्या रात्री झोप लागली नाही.

नागपूरची वाट

या भागाला नागपूरची सवय जुनी आहे. छिंदवाडा जिल्हा पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसरची राजधानी भोपाळ झाली. त्याच दिवशी आपले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. नकाशा बदलला, पण आजारी माणसाची वाट बदलली नाही. पांढुर्ण्याचा रुग्ण आजही नागपूर गाठतो आणि आपल्याकडचा मिरज. उलट चंदगड-गडहिंग्लजची माणसे बेळगावला येतात. कन्नडमध्येही आपण ‘दवाखानि’च म्हणतो. दुखणे भाषा विचारत नाही.

2019 मध्ये छिंदवाड्याला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ऑगस्ट 2023 मध्ये पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा झाली, तीही सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमान मंदिराच्या कार्यक्रमात, जिथे आजारी माणसांना घेऊन लोक श्रद्धेने मुक्कामाला येतात. ऑक्टोबरात जिल्हा झाला. जिल्हा म्हटला की जिल्हा रुग्णालयाची आशा आलीच. नोव्हेंबरात विधानसभेचे मतदान झाले. जिल्हा भाजप सरकारने दिला होता, तरी पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही जागा काँग्रेसने राखल्या. पुढच्याच वर्षी लोकसभेला छिंदवाड्याची जागा भाजपने लाखाहून अधिक मतांनी जिंकली. घोषणा आणि मत यांचा हिशेब इतका सरळ नसतो.

मग 2025 चा सप्टेंबर-ऑक्टोबर आला. खोकल्याच्या एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. छिंदवाडा व शेजारच्या जिल्ह्यांतली, विशेषतः परासिया भागातली, वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. औषध तामिळनाडूत तयार झालेले आणि उपचारांसाठी धावपळ नागपूरला. तिगावच्या अंगणातही हा विषय निघालाच. त्या मुलांच्या आईबापांकडे गाडी नव्हती असे नाही. औषध बाजारात येण्याआधी ते तपासणारा माणूस हवा होता, आणि तसा माणूस मत मागायला कोणाच्या दारात येत नाही.

आपल्याकडचा अनुभव

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? कर्नाटकात 2003 मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकऱ्यांसाठी ‘यशस्विनी’ योजना आली. महिना पाच रुपयांत शस्त्रक्रियेची सोय. पुढच्याच वर्षी एस. एम. कृष्णा यांचे मुख्यमंत्रिपद गेले. 2018 मध्ये ती योजनाही बंद पडली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू करावी लागली. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. कर्नाटकाने आक्षेप घेतला. दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. मे महिन्यात विधानसभेचे मतदान झाले तेव्हा महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही.

यावरून ‘लोक आरोग्याचा विचारच करत नाहीत’ असे म्हणणे चूक ठरेल. लोक करतात, पण योजनेच्या नावाने नव्हे, आठवणीने करतात. रात्री कोण धावून आले, खाट कोणी मिळवून दिली, मोठ्या दवाखान्यात ओळख कोणाची निघाली, हे घर विसरत नाही. ही कृतज्ञता खोटी नाही. मीही त्या मुलाचे हात हातात घेऊन आभार मानले.

पण वाचकहो, यातच एक पेच आहे. संकटात धावणारा दिसतो. संकट टाळणारा दिसत नाही. ज्याचा रक्तदाब वेळेवर आटोक्यात आला, त्याला आपण वाचलो हे कळतच नाही, मग तो मत कोणाला देणार? आणि सगळी मते गाडीलाच मिळत गेली, तर पुढारी गाड्याच वाढवतील. आरोग्य उपकेंद्र साधारण पाच हजार वस्तीमागे एक, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांमागे एक असावे, असा सरकारचाच दंडक आहे. आपल्या गावचे कुठे आहे, परिचारिका कोणत्या दिवशी येते, आरोग्य समितीच्या बैठका होतात का, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक, मलाही माझ्या गावचे ठाऊक नव्हते. परत आल्यावर चौकशी केली.

निघताना मावशींनी पिशवीभर संत्री दिली. मी विचारले, ‘‘मग मत कोणाला?’’

मावशी जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘‘पोराचे उपकार हायेतच जी. पन उद्या सकाळी सूनेसंगं बीपी मोजाले जातो. मंग पाहू.’’

मत कोणाला द्यायचे हे मावशी ठरवतील. पण त्या आधी तपासणीला निघाल्या आहेत, आणि उमेदवार निवडण्याची सुरुवात तिथूनच व्हावी असे मला वाटते.