एका हौशी खेळाडूची सुधारणा

क्रिकेट, हॉकी, हुतुतू, खोखो हे खेळ आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. गोल्फ हा खेळ मात्र त्यांच्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. त्याला लागणारी विस्तीर्ण जागा व होणारा खर्च पाहतां तो सर्वांस परवडणारा नाहीं, आणि तो खेळावा असा आग्रह आम्ही धरीत नाहीं. तथापि ह्या खेळाचा एक विशेष असा आहे कीं, मनुष्याची सुधारणा कशी होते व ती मध्येंच कां अडते, हें त्यांत जितकें स्वच्छ दिसून येतें, तितकें इतर खेळांत क्वचितच दिसतें. म्हणून बॉबी जोन्स ह्या अमेरिकन खेळाडूच्या उदाहरणानें हा विषय आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. एका प्रशस्त माळावर अंतराअंतरानें अठरा छिद्रें केलेलीं असतात. प्रत्येक छिद्राचा व्यास सव्वाचार इंच असतो, व त्याच्याभोंवतीं बारीक कापलेली हिरवळ राखिलेली असते. खेळाडूनें दूरच्या ठराविक जागेवरून काठीच्या टोल्यांनीं आपला लहानसा चेंडू त्या छिद्रांत नेऊन टाकावयाचा. कोठें हें अंतर शंभर-दीडशें यार्ड असतें, तर कोठें पांचशें यार्डांहूनहि अधिक. वाटेंत वाळूचे खड्डे, उंच गवत, झाडें व पाणी हीं विघ्नें असतात. अठरा छिद्रें मिळून ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. कांहीं सामन्यांत एकूण टोले न मोजतां एकेक छिद्र कोणीं जिंकलें हें पाहतात. परंतु मूळ तत्त्व तेंच.

वाचावयास हें सोपें वाटतें. चेंडू जमिनीवर स्वस्थ पडलेला असतो. क्रिकेटप्रमाणें तो कोणी अंगावर फेंकीत नाहीं, कीं विटीप्रमाणें तो हवेंत उडालेला नसतो. मग त्याला मारण्यांत अवघड तें काय? ह्याचें पहिलें उत्तर असें कीं, नवशिक्याला वाटतें तितका हा बळाचा खेळ नाहीं. काठीचें तोंड चेंडूला अगदीं सरळ भिडलें पाहिजे. तें किंचित् तिरकें झालें, तरी दोनशें यार्ड जातां जातां चेंडू वांकडा होऊन झाडींत शिरतो. जो काठी घट्ट आवळून धरितो व सर्व शक्तीनिशीं टोला मारूं पाहतो, त्याचे हात ताठरतात, डोकें हलतें, आणि नेम चुकतो. दुसरी गंमत अशी कीं, चेंडू वर उडविण्यासाठीं नवशिका काठीनें तो उचलूं पाहतो. वास्तविक लोखंडी काठीचें तोंड मुळांतच कललेलें असतें; टोला खालच्या दिशेनें मारला असतां तो कलच चेंडूला वर चढवितो. जो उचलावयास जातो, त्याच्या काठीची धार चेंडूच्या डोक्याला लागते, व चेंडू उडण्याऐवजीं सशासारखा जमिनीवरून धांवत सुटतो.

तिसरी गोष्ट हिशोबाची आहे. प्रत्येक छिद्रासाठीं निष्णात खेळाडूस किती टोले लागावे, ह्याचें प्रमाण ठरविलेलें असतें. त्यास ‘पार’ म्हणतात. अठरा छिद्रांचा पार बहुधा बहात्तर असतो. हें प्रमाण ठरवितांना प्रत्येक हिरवळीवर दोन हलके टोले गृहीत धरितात. म्हणजे बहात्तरांपैकीं छत्तीस, अर्थात् बरोबर निम्मे टोले, हे कांहीं फुटांवरून चेंडू छिद्राकडे ढकलण्याचे असतात. दोनशें यार्डांचा टोला पाहून लोक टाळ्या वाजवितात. दोन फुटांच्या टोल्याकडे कोणी लक्षहि देत नाहीं. परंतु हिशोबांत दोन्ही सारखेच, एक एक. बहुतेक हौशी खेळाडू सबंध सकाळ लांब टोल्यांच्या तालमींत घालवितात व हे लहान टोले दैवावर सोडून देतात. आमच्या परीक्षेच्या कागदांत अवघडांतलें अवघड उदाहरण बरोबर सोडवून बेरजेंत चुकणारे विद्यार्थी ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना ह्याविषयीं अधिक सांगण्याचें कारण नाहीं.

आतां आपल्या खेळाडूकडे वळूं. रॉबर्ट टायर जोन्स, ज्याला सारें जग बॉबी जोन्स म्हणे, तो १७ मार्च १९०२ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं जन्मला. लहानपणीं तो फार अशक्त होता. आईबापांनीं शहराबाहेर ईस्ट लेक येथील गोल्फच्या मैदानाशेजारीं बिऱ्हाड केलें, आणि तेथें ह्या मुलाला खेळाचा नाद लागला. त्या मैदानावर स्ट्यूअर्ट मेडन नांवाचा, स्कॉटलंडांतील कार्नूस्टी गांवचा, शिक्षक होता. बॉबीनें त्याच्याजवळ विधिपूर्वक धडे असे घेतले नाहींत. तो मुकाट्यानें मेडनच्या मागून फिरे, त्याची उभें राहण्याची रीत व काठीची फेक डोळ्यांत सांठवी, आणि मग तिची हुबेहुब नक्कल करी. चांगला आदर्श डोळ्यांपुढें असणें हें अर्धें शिक्षण होय, ह्याचें हें एक उत्तम उदाहरण आहे.

वयाच्या चौदाव्या वर्षीं, १९१६ सालीं, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेंत उतरला. हौशी म्हणजे जो खेळावर द्रव्य मिळवीत नाहीं तो. बॉबी ह्या सर्व स्पर्धांच्या काळांत हौशीच राहिला. त्या वर्षीं त्यानें दोन सामने जिंकून मागील वर्षाच्या अजिंक्यवीराशीं गांठ घातली, व तेथें तो हरला. लोक म्हणूं लागले कीं, असा टोला ह्या देशांत दुसऱ्या कोणाचा नाहीं. परंतु १९२२ साल संपेपर्यंत त्याला एकहि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळालें नाहीं. त्याचे चरित्रकार ह्या काळास योसेफाच्या गोष्टींतील सात दुष्काळी वर्षांची उपमा देतात.

टोला उत्तम असून यश कां येईना? कारण हातांत जें होतें, तें मनांत नव्हतें. टोला चुकला कीं बॉबी संतापे, काठी दूर भिरकावून देई, आणि त्या संतापांत पुढचा टोलाहि बिघडवी. १९२० सालीं टोलेडो येथें त्याला हॅरी व्हार्डन ह्या पन्नास वर्षांच्या इंग्लिश महारथ्याबरोबर खेळण्याचा योग आला. एक अगदीं सोपा टोला बॉबीच्या हातून फसला व चेंडू हिरवळीपलीकडे घरंगळत गेला. शरमून त्यानें विचारलें, ‘ह्याहून वाईट टोला आपण कधीं पाहिला आहे काय?’ व्हार्डननें इतकेंच उत्तर दिलें, ‘नाहीं.’ आणि तो शांतपणें आपल्या चेंडूकडे चालूं लागला. आमच्या मतें त्या तरुणास सांत्वनाच्या दहा शब्दांहून हा एक शब्द अधिक उपयोगी होता. कारण झालेला टोला झाला, त्यावर बोलणें व्यर्थ, हें त्यांत सर्व आलें.

पण तो बोध लगेच रुजला नाहीं. १९२१ सालीं बॉबी स्कॉटलंडांत सेंट अँड्रूज येथील जुन्या मैदानावर प्रथमच खेळला. हें मैदान गोल्फच्या खेळाचें माहेरघर समजलें जातें. तेथील वाऱ्यानें व वाळूच्या खड्ड्यांनीं त्याची पुरी त्रेधा उडविली. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या नऊ छिद्रांस त्याला सेहेचाळीस टोले लागले. अकराव्या छिद्रापाशीं चेंडू खड्ड्यांत अडकला, तेव्हां त्याचा धीर सुटला व त्यानें स्पर्धाच सोडून दिली. त्याच वर्षीं अमेरिकेंत एका सामन्यांत त्यानें रागानें फेंकलेली काठी एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागली. तेव्हां अमेरिकन गोल्फ संघाच्या अध्यक्षानें त्याला पत्र लिहून बजाविलें कीं, राग आंवरावयास शिकला नाहींस, तर आमच्या स्पर्धांत तुला पुन्हां खेळतां येणार नाहीं.

येथून त्याच्या खऱ्या सुधारणेस आरंभ झाला. ती काठीच्या फेकींत झालेली नाहीं. फेक पूर्वींचीच होती. त्यानें बदलला तो प्रतिस्पर्धी. आजवर तो समोरच्या माणसाशीं झुंजे. त्यानें कमाल केली कीं आपण त्याहून मोठी कमाल करावयास जाई, व फसे. आतां त्यानें ठरविलें कीं, आपला खरा सामना ‘पार’शीं आहे. त्यानें ह्या प्रमाणालाच एक ‘म्हातारबुवा’ कल्पिलें. हा म्हातारबुवा कधीं अद्भुत टोला मारीत नाहीं, पण कधीं घसरतहि नाहीं. तो रागावत नाहीं, हुरळत नाहीं, घाई करीत नाहीं. अठरा छिद्रें त्याच्याबरोबर धीरानें चालत राहावें, म्हणजे इतर प्रतिस्पर्धी आपोआप मागें पडतात.

१९२३ सालीं न्यूयॉर्कजवळ इनवुड येथें अमेरिकेच्या खुल्या स्पर्धेंत ह्या नव्या वृत्तीची परीक्षा झाली. शेवटचीं तीन छिद्रें बिघडून त्याची हातची आघाडी गेली, व दुसऱ्या दिवशीं बॉबी क्रुइकशँक ह्याच्याशीं पुन्हां अठरा छिद्रें खेळण्याचा प्रसंग आला. सतरा छिद्रें होऊन दोघे बरोबरींत होते. अठराव्या छिद्रास जोन्सचा चेंडू सुमारें दोनशें यार्ड दूर, उघड्या मातीवर पडला होता, व मध्यें पाणी होतें. दोन वर्षांपूर्वींचा जोन्स येथें नशिबाला दोष देत बसला असता. ह्या जोन्सनें फारसा विलंब न लावतां लोखंडी काठी उचलली आणि चेंडू पाण्यावरून थेट हिरवळीवर, छिद्रापासून कांहीं फुटांवर आणून ठेविला. दुष्काळ संपला.

तथापि त्याचा राग मेला, असें समजूं नये. तो आंत कोंडला गेला. मोठ्या स्पर्धेच्या दिवसांत त्याला अन्न गोड लागत नसे, आणि कित्येक पौंड वजन घटत असे. आत्मसंयमन म्हणजे विकारांचा अभाव नव्हे, तर विकार असतांहि हात स्थिर ठेवणें होय, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें लक्षांत घ्यावें.

त्याच्या लहान टोल्यांचीहि गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९२६ सालीं इंग्लंडांत सनिंगडेल येथें पात्रतेच्या एका फेरींत त्याला एकंदर सहासष्ट टोले लागले: पहिल्या नऊ छिद्रांस तेहेतीस, पुढच्या नऊ छिद्रांस तेहेतीस, आणि त्यांतहि हिरवळीवरचे तेहेतीस व बाकीचे तेहेतीस. लहान व मोठ्या टोल्यांचा असा समतोल क्वचितच पाहावयास मिळतो.

परंतु त्याची सर्वांत मोठी परीक्षा ह्यापूर्वीं, १९२५ सालीं, वुस्टर येथें झाली होती. खुल्या स्पर्धेच्या पहिल्याच फेरींत, उंच गवतांत काठी टेकवितांना त्याचा चेंडू किंचित् हालला. हें दुसऱ्या कोणींहि पाहिलें नाहीं. जोन्सनें स्वतः होऊन आपणांवर एक टोल्याचा दंड लावून घेतला. पंचांनीं विचारपूस केली. कोणीच साक्षी मिळेना. निर्णय त्याच्यावरच सोंपविण्यांत आला. तो आपल्या म्हणण्यापासून ढळला नाहीं. स्पर्धेच्या शेवटीं तो व विली मॅकफार्लेन बरोबरींत आले, म्हणजे तो एक टोला नसता तर जोन्स तेथेंच जिंकला असता. पुढें दोघे छत्तीस छिद्रें खेळले, व जोन्स एका टोल्यानें हरला. लोक स्तुति करूं लागले, तेव्हां ती त्याला रुचली नाहीं. मनुष्यानें पेढी लुटली नाहीं म्हणून कोणी त्याची वाखाणणी करितें काय, अशा अर्थाचें त्यानें उत्तर दिलें. आमच्या दृष्टीनें हें त्याच्या सुधारणेचें शिखर होय. जो आपले टोले खरे मोजीत नाहीं, त्याला आपण सुधारलों कीं बिघडलों हें कळणार तरी कसें?

पुढील यश थोडक्यांत सांगतों. १९२७ सालीं ज्या सेंट अँड्रूजनें त्याला रडविलें होतें, तेथेंच त्यानें सहा टोल्यांच्या अंतरानें ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकली. १९३० सालीं ब्रिटन व अमेरिका ह्यांच्या हौशी व खुल्या अशा चारही स्पर्धा एकाच वर्षीं जिंकून, अठ्ठाविसाव्या वर्षीं, त्यानें स्पर्धांचा निरोप घेतला. हें करीत असतां त्यानें विद्याभ्यास टाकिला नव्हता. यांत्रिक स्थापत्याची पदवी, हार्वर्ड येथील इंग्रजी वाङ्मयाची पदवी, आणि वकिलीची परीक्षा, हीं सर्व त्यानें ह्याच काळांत संपादिलीं. खेळामुळें अभ्यास बुडतो असें म्हणणाऱ्या पालकांनीं, आणि तेंच निमित्त सांगणाऱ्या मुलांनीं, ह्याचा विचार करावा.

१९४८ सालापासून मज्जारज्जूच्या असाध्य रोगानें त्याला ग्रासलें. प्रथम काठी, मग चाकांची खुर्ची, असे त्याचे दिवस गेले. १८ डिसेंबर १९७१ रोजीं त्याचें देहावसान झालें. ह्या दीर्घ दुखण्यांत त्यानें कुरकुर केल्याचें कोणीं ऐकिलें नाहीं. १९५८ सालीं सेंट अँड्रूज नगरीनें त्याला आपलें नागरिकत्व सन्मानपूर्वक अर्पण केलें. ज्या अमेरिकन गोल्फ संघानें एकदां त्याला रागीट म्हणून स्पर्धांतून काढण्याची तंबी दिली होती, तोच संघ १९५५ सालापासून खिलाडू वृत्तीबद्दल जो बहुमान देतो, त्याला नांव बॉबी जोन्सचेंच आहे.

सारांश, कोणत्याहि कामांत सुधारूं इच्छिणाऱ्यानें प्रथम एखादा चांगला आदर्श डोळे भरून पाहावा. बळापेक्षां नेमाकडे लक्ष द्यावें. टाळ्या न मिळविणाऱ्या लहान टोल्यांचा सराव करावा. चुकलेला टोला मागें टाकून पुढच्याकडे शांतपणें चालूं लागावें. आणि मोजतांना कोणी पाहत असो वा नसो, खरें मोजावें. पालकांनाहि आमची एक विनंति आहे. मुलगा गुणपत्रक घेऊन घरीं आला म्हणजे शेजारच्या मुलाचे गुण किती, हें विचारण्यापूर्वीं मागील सहामाहीपेक्षां त्याचें स्वतःचें पाऊल किती पुढें पडलें, हें पाहावें. शेजारचा मुलगा पुढच्या वर्षीं दुसऱ्या गांवीं जाईल. म्हातारबुवा मात्र जन्मभर सोबतीला आहेत.