गाडीचा हौदा सांभाळा



गळीत हंगाम आटोपला की आपण गाडीचे ऑइल बदलतो, टायर बघतो, ग्रीसिंग करून घेतो. पण ज्या हौद्यात बेणे, खत, वाढे भरतो, तिकडे कुणी वाकून बघत नाही. इंजिन धडधाकट आणि हौद्याला भोकं, अशा पिकअप आम्हाला गटोगटी दिसतात. बँकेचे हप्ते फिटायच्या आधी पत्रा गेला, तर तो खर्चही उसाच्या बिलातूनच जाणार.

पावसाने गंज चढतो, असे पुष्कळांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज धरतोच. पण त्यात क्षार मिसळले की तो झपाट्याने वाढतो. म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठाचेच भाऊबंद. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग क्लोराईडचा असतो. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल असते. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत दमट हवेत पाझरते आणि पत्रा खाऊ लागते. प्रेसमड व शेणखत कोपऱ्यात चिकटून ओल धरून ठेवतात. दगड, अवजारे ओढून रंग खरवडला की तिथून गंज आत शिरतो. उसावरचा तांबेरा पानावर दिसतो तरी. हा रंगाखाली लपून वाढतो. रंगाला फुगे आले, की समजा आत काम सुरू झाले.

यावर उपाय सोपे आहेत.

१) खत वाहिले त्याच दिवशी हौदा झाडून स्वच्छ पाण्याने धुवा. कोपरे आणि फाळक्याच्या बिजागऱ्या विसरू नका. पाणी निघायची भोके काडीने मोकळी करा.

२) तळाला रबरी मॅट टाकल्यास झीज कमी होते. पण मॅटखाली माती व पाणी साचते. महिन्यातून एकदा ती उचलून तळ वाळवा.

३) पावसाळ्यापूर्वी तारेच्या ब्रशने गंज खरवडा, पॉलिश पेपर मारा, धुऊन पूर्ण वाळू द्या. मग रेड ऑक्साईडचा एक हात व त्यावर इनॅमल रंगाचे दोन हात द्या. गंजावरच रंग फासला तर पैसे पाण्यात.

४) जळके ऑइल हौद्याला चोपडू नका. त्याच हौद्यातून वाढे जातात, म्हणजे ते जनावरांच्या पोटात जाईल.

हातोडीने तळ हलकेच ठोकून बघा. पत्रा दबला किंवा खपल्या निघाल्या, तर रंगावर भागणार नाही. तेवढा पत्रा कापून नवा जोडून घ्या. भरल्या गाडीत तळ खचला तर माल जातोच, पण चढउतार करणाऱ्या माणसाचा पायही जायचा.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही हेच लागू आहे. तरी सर्व सभासदांनी पहिल्या पावसाआधी एक दिवस हौद्यासाठी काढावा, ही विनंती.

— ऊस विकास विभाग